पाण्याचे वळण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी बोला, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी एकच अट घातली. त्या म्हणाल्या, "तीस वर्षे तुम्ही शाळेत शास्त्र शिकवलेत, तर शास्त्रावर बोला, पण आमची परीक्षा घेऊ नका." परीक्षा मी घेणार नाही. उलट आज परीक्षेला मीच बसले आहे म्हणा ना! कारण आजचा विषय मला एका प्रश्नातून मिळाला आहे, आणि ज्या दिवशी तो मला विचारला गेला त्या दिवशी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरली असेल असे मला वाटत नाही. आपण बिबवेवाडीची माणसे उतारावर राहतो. आपल्या दारचे पाणी खाली वाहून जाते आणि आपण पांघरूण ओढून झोपतो. पण सातारा रस्ता ओलांडून पलीकडे गेले की कात्रजकडून येणारा आंबिल ओढा आहे. याच ओढ्यावर कात्रजला तळे बांधून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात पुण्याला नळाचे पाणी आणले. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्या रात्री मात्र काही तासांच्या पावसाने तो फुगला आणि पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर करीत थेट दांडेकर पुलापर्यंत घराघरांतून शिरला. भिंती पडल्या, मोटारी पालापाचोळ्यासारख्या वाहून गेल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसांहून अधिक माणसे गेली.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी त्या ओढ्याच्या काठी राहत होत्या. चार दिवसांनी त्या कामावर आल्या. माणसे वाचली होती, घरातली एक वस्तू वाचली नव्हती. भांडी घासता घासता त्यांनी विचारले, "बाई, तुम्ही शाळेत वारा-पाणी शिकवायच्या ना? मग सांगा, हे पाणी पुन्हा येणार का? आणि येणार तर कधी?"

मी म्हणाले, "मावशी, ते कोणालाच सांगता येत नाही."

"मग राहायचं कसं तिथं?"

प्रश्न रागाचा नव्हता, हिशेबाचा होता. वर टेकडीच्या बाजूला खोली घ्यायची तर भाडे जास्त. खालीच राहायचे तर जिवाला घोर. यातले काय करावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. आणि माझे शास्त्र "सांगता येत नाही" असे म्हणून हात झटकून मोकळे झाले होते. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेले. खळाळत्या, उसळत्या, बेभान पाण्यात काही रीत असते की नाही, हा तो विषय. आपण मुलांना वळण लावतो. पाण्याला वळण असते का?

विषय मोठा असला तरी त्याची सुरुवात देवघरात करता येते. दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून उदबत्ती लावा आणि धुराकडे पाहा. वीतभर धूर दोऱ्यासारखा सरळ चढतो. मग तो किंचित डुलू लागतो, आणि पाहता पाहता त्याची वलये, गुंतवळ, जाळी होऊन जाते. वारा आणि धूर हेसुद्धा शास्त्राच्या दृष्टीने पाण्यासारखेच वाहते पदार्थ. स्वयंपाकघरातला नळ हळूच सोडला की धार काचेच्या कांडीसारखी दिसते. चावी आणखी फिरवली की तीच धार खरखरीत, पांढरी, आवाज करणारी होते. पहिल्या प्रकाराला शास्त्रज्ञ स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला संक्षुब्ध प्रवाह. मी आपली त्याला खळाळ म्हणते.

एक प्रवाह दुसऱ्यात केव्हा बदलतो, याचा शोध १८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी घेतला. काचेच्या नळीतून पाणी सोडायचे आणि त्यात मधोमध रंगाची बारीक रेघ सोडायची, एवढाच प्रयोग. पाणी हळू असेतो रेघ नळीच्या टोकापर्यंत अखंड राही. वेग वाढवला की एका ठिकाणी ती फिसकटून सगळे पाणी रंगून जाई. पाण्याचा वेग आणि नळीची रुंदी यांचा गुणाकार करून त्याला पाण्याच्या चिकटपणाच्या मापाने भागले, की एक आकडा मिळतो. तो दोन हजारांच्या आसपास गेला की नळीतली शांतता धोक्यात आली म्हणून समजावे. काकवी कितीही ओतली तरी ती कधी खळाळत नाही, ती का, हेही त्यातच आले. तिच्या चिकटपणाने भागल्यावर आकडा वर चढतच नाही.

हे सगळे मी वर्गात शिकवीत असे. पण त्याच प्रयोगातली एक गोष्ट मी कधी सांगितली नव्हती, कारण ती पाठ्यपुस्तकात नव्हती. रंग पसरून गढूळ झालेली ती नळी रेनॉल्ड्स यांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिली. ठिणगी म्हणजे क्षणाचाही लहानसा भाग. त्या उजेडात पाणी जणू थबकले, आणि नुसता गढूळपणा दिसत होता तिथे वेगवेगळी, बऱ्यापैकी स्पष्ट अशी भोवऱ्यांची वेटोळी दिसली! म्हणजे गोंधळ पाण्यात तर होताच, पण थोडा आपल्या डोळ्यांतही होता.

चित्रकार लिओनार्दो दा विंचीच्या डोळ्यांना मात्र ठिणगीची गरज लागली नसावी. इसवी सन १५१० च्या सुमारास त्याने कुंडात पडणाऱ्या पाण्याची चित्रे काढली. त्यांत भोवऱ्यांत भोवरे असे काही गुंफले आहेत की एखादीची वेणी उलगडून पाहावी. पाण्याच्या हालचालीची केसांशी तुलना त्याने स्वतःच करून ठेवली आहे. केसांना वजनाने खाली येण्याची एक ओढ असते आणि कुरळेपणाची दुसरी, पाण्याचेही तसेच. रोज सकाळी मुलींच्या वेण्या घालणाऱ्या आपल्याला हे पटायला वेळ लागू नये.

आता घरातून जरा बाहेर पडू. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात, मळगंगेच्या कुंडापाशी, काळ्या कातळात रांजणासारखे गोल गोल खड्डे पडले आहेत. काही ओंजळीएवढे, तर काहींत माणूस उभा मावेल. ते कोणी कोरले नाहीत. पुरात पाणी कातळावरून धावताना जिथे एखादी फट किंवा उंचवटा असतो, तिथे भोवरा धरतो. त्या भोवऱ्यात दगडगोटे सापडतात आणि जात्यातल्या दाण्यांसारखे गरगर फिरत कातळ घासतात. खळगा पडला की पुढच्या पुरात भोवऱ्याला बसायला घरच मिळते! मग तो त्याच जागी पुन्हा धरतो, खळगा आणखी खोल होतो. मला यात नवल वाटते ते याचे, की दर पावसाळ्याचे पाणी नवे, दगडगोटेही बदललेले, पूर कधी आषाढात तर कधी भाद्रपदात. भोवरा मात्र तोच. पुराच्या पाण्याइतके बेशिस्त दुसरे काही दिसणार नाही, आणि त्याने हजारो वर्षे तीच ती आकृती गिरवून कातळावर ठेवली आहे.

शास्त्रज्ञांना हे नीट उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याआधी समजूत अशी की खळाळ म्हणजे निव्वळ सरमिसळ; सरासरी काढावी आणि पुढे जावे. १९४८ साली एबरहार्ड हॉप्फ या गणितज्ञाने वेगळी कल्पना मांडली. ती मी आपल्या परीने सांगते. आपण गाण्याला जातो. गवई भूप आळवू लागतो. पुढचा स्वर कोणता येणार हे आपल्याला ठाऊक नसते, पुष्कळदा त्यालाही नसते. पण घटकाभरात रागाची पकड येते, मग तो दूर जातो, आणि पुन्हा केव्हातरी तीच पकड जरा वेगळ्या अंगाने येते. म्हणून तर पहिल्या पाच मिनिटांत शेजारची बाई कानाशी लागून "भूप" म्हणते! खळाळाचेही असेच काहीसे असावे. ठरलेल्या काही आकृती आहेत. प्रवाह एकीच्या जवळ येतो, थोडा वेळ तिच्यासारखा वागतो, निसटतो, दुसरीकडे जातो, आणि पुन्हा पहिलीच्या वाटेला लागतो. हुबेहूब तसाच कधी नाही, आणि घड्याळ लावून तर मुळीच नाही.

ही कल्पना पन्नासएक वर्षे बरीचशी कल्पनाच राहिली, कारण आकडेमोड माणसाच्या हाताबाहेरची होती. मग संगणक आले. १९९० साली जपानच्या नागाता यांनी, दोन पाट्या विरुद्ध दिशांना सरकत असताना त्यांच्यामधल्या द्रवात अशी पहिली आकृती गणिताने शोधून काढली. २००१ साली कावाहारा आणि किदा यांना त्याच प्रवाहात एक फेराच सापडला. संथ पाण्याचे लांब पट्टे तयार होतात, ते नागमोडी होतात, मोडतात, मोडण्यातून भोवरे होतात, आणि ते भोवरेच पुन्हा नवे पट्टे विणतात. हे सगळे कागदावरचे आहे अशी शंका कोणाला होती, तर २००४ साली हॉलंडमधील डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत, नळीतून वाहणाऱ्या खऱ्या पाण्यात अशा आकृती क्षणभर डोकावून जाताना दिसल्या. क्षणभरच, पण ज्या गणिताने सांगितल्या होत्या त्याच. रेनॉल्ड्सच्या ठिणगीतले ते वेटोळे होते ना, त्याचा नावपत्ता आता कुठे लागतो आहे.

असो. परदेशच्या नळ्या पुष्कळ झाल्या. आता मला आपल्या पुण्याच्या एका बाईंविषयी सांगायचे आहे. महिला मंडळात त्यांचे नाव निघालेच पाहिजे.

सुलोचनाबाई गाडगीळ, माहेरच्या फाटक, १९४४ साली पुण्यात जन्मल्या. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, १९७० साली हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, आणि परत आल्या त्या आपल्या मान्सूनचा अभ्यास करायला. काही काळ त्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होत्या, नंतर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्य घालवले. २०२५ च्या जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, त्या गेल्या.

मान्सून म्हणजे समुद्र आणि आकाश मिळून होणारा केवढा मोठा खळाळ! आपण बायका तो नक्षत्रांवरून ओळखतो. मृगाने दगा दिला, आर्द्रा बरसल्या, नंतर पावसाने ओढ दिली. ही ओढ का पडते? सुलोचनाबाई आणि पुण्याच्या त्याच संस्थेतले डी. आर. सिक्का या दोघांनी एक साधे दिसणारे काम केले. १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतली, एप्रिल ते ऑक्टोबरची, उपग्रहाने टिपलेली ढगांची रोजची चित्रे घेतली आणि भारताच्या अंगावरचा दाट ढगांचा पट्टा आज कुठे आहे, उद्या कुठे आहे, हे दिवसामागून दिवस पाहिले. तांदूळ निवडण्याइतके चिकाटीचे काम. १९८० साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

त्यांना आढळले ते असे. पावसाळ्यात ढगांच्या पट्ट्याला बसायला दोन जागा आवडतात. एक आपल्या देशावर, साधारण सोलापूर-कोल्हापूरच्याही जरा खालपासून उत्तरेला. आणि दुसरी खाली विषुववृत्ताजवळ, समुद्रावर. देशावरचा पट्टा जुलैच्या आरंभी स्थिरावला की सुमारे चार आठवड्यांनी तिथून नाहीसा होतो. तो असा विरण्याच्या सुमारासच पावसाचा खंड पडतो. तेवढ्यात समुद्रावरचा पट्टा जोर धरतो, आणि तो हळूहळू उत्तरेला चढत येऊन रिकामी जागा भरून काढतो. मौज अशी की हे चढणे, उन्हाळा संपताना पहिला मान्सून जसा चढतो, अगदी त्याच चालीचे. म्हणजे मान्सून वर्षातून एकदा येतो हे खरे, पण एकदा आला म्हणजे झाले असे नाही. समुद्राकडून नवी भर आल्यावाचून तो महिन्याहून जास्त तगत नाही. पाचही वर्षी पाऊस निराळा होता, कुठे पूर, कुठे दुष्काळ, चाल तीच.

यावरून अमुक तारखेला बिबवेवाडीत पाऊस पडेल असे कोणी सांगू शकत नाही. रोजच्या हवेचा नेमका अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. आरंभातली तिळाएवढी चूक वाढत वाढत सगळा अंदाज गिळून टाकते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ पासून दाखवून ठेवले आहे. पण पट्टा आता कुठल्या जागी आहे आणि त्याची चाल कोणती, हे ओळखले की पुढच्या दोन-चार आठवड्यांत ओढ पडेल की झड लागेल, याचा कल सांगता येतो. हवामान खाते आता दर आठवड्याला तसा कल सांगते. सुलोचनाबाईंनी पुढे अनंतपूरच्या बाजूच्या कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांसाठी पेरणीचा काळ ठरवण्यावरही काम केले. पाऊस कधी पडेल हे सांगता आले नाही तरी पेरायचे केव्हा, याला उत्तर असू शकते, हे मला तिथे प्रथम कळले. आणि मावशींचा प्रश्न मी चुकीचा ऐकला होता, हेही कळले. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. मी "कधी" याचेच उत्तर नाही म्हणून "राहायचं कसं" हा प्रश्नही सोडून दिला होता.

म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत, ओढा आटत आला असताना, मी मावशींना घेऊन तिथे गेले. जाण्यापूर्वी घरी त्यांना एक गंमत दाखवली. ती तुम्हीही आज करून पाहा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चहाची पत्ती टाका आणि चमच्याने गोल ढवळून चमचा काढून घ्या. जड पत्ती कडेला फेकली जाईल असे वाटते, पण ती तळाशी मधोमध येऊन बसते. वरचे पाणी वेगाने फिरते म्हणून ते बाहेर लोटले जाते. तळाचे पाणी पेल्याला घासून मंदावते, म्हणून ते आत सरकते आणि पत्तीला बरोबर आणते. ज्या आइन्स्टाइनचे नाव आपण भलत्याच अवघड गोष्टींसाठी घेतो, त्यांनी १९२६ साली हीच पत्ती सांगून नद्या वळणावर बाहेरचा काठ का कापतात ते समजावले. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते, खाली बुडी मारते आणि तळाची माती घेऊन आतल्या काठाला टाकते. बाहेरचा काठ तुटतो, आतला भरतो. पूर लहान असो, मोठा असो, पाण्याचा हा पीळ सुटत नाही. आपल्या खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात, ज्याची सुरुवात १९१६ सालची, सर क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या वळणांवर वर्षानुवर्षे काम केले आणि दाखवले की वळणाची लांबीसुद्धा मनमानी नसते. पाणी चौपट झाले तर ती सुमारे दुप्पट होते. पुलाच्या खांबाचेही तसेच. पाणी खांबावर आपटून खाली वळते आणि पायाशी भोवरा धरून उकरते, तेही दर पुरात त्याच जागी.

ओढ्यात उतरल्यावर मी सगळे दाखवू लागले. हा आतला काठ, इथे वाळू साचली आहे. हा बाहेरचा, इथे माती खरवडली आहे, भिंतीचा पाया उघडा पडला आहे. मावशींची खोली बरोबर त्या बाहेरच्या काठावर होती. मी मोठ्या उत्साहाने सांगत होते, आणि त्या पदर खोचून ऐकत होत्या. माझे संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, पाणी इथंच धडकतं हे माझ्या सासूलापण ठाऊक होतं. म्हणून तर इकडं भाडं कमी."

मी गप्प बसले. काय बोलणार?

मग त्याच म्हणाल्या, "पण तिला वाटायचं, दर खेपेला इथंच यायला पाणी काय आपल्यावर खार खातंय? तसं नाही म्हणता तर."

"तसं नाही," मी म्हणाले. "पाण्याला इथून असंच जाता येतं."

त्यावर त्या बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत उभ्या होत्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांनी वरच्या अंगाला खोली घेतली. भाडे जास्त आहे. म्हणून त्यांनी आणखी दोन घरची कामे धरली, आणि सून शिवणाचे काम घेऊ लागली. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गाला ती येते, तुमच्यापैकी काही जणी तिला ओळखता.

काठावरची जुनी खोली रिकामी राहिली नाही. महिन्याच्या आत तिथे दुसरे कुटुंब आले. पुण्यात नवे आहे, मूल लहान आहे, ओढा त्यांनी उन्हाळ्यातच पाहिलेला. यंदा मृग निघण्यापूर्वी एका सकाळी मावशी आणि मी तिकडे जाणार आहोत. काचेचा पेला आणि पत्ती मी घेते आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी चहा झाल्यावर माझ्याकडे नाव द्यावे.